नांगराची निशाणी

सगुणा सुतारीण माणसाची पारख हातांवरून करायची. पंढरीशेटचे हात मऊ, गुबगुबीत. कल्याणच्या बाजारात त्याची लाकडाची वखार होती, पण आयुष्यात त्याने एक फळी उचलली नव्हती. "मेला नुसता खाऊन सुजलाय," असं ती चारचौघांत म्हणायची आणि शेटच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणायची.

आगगाडी कल्याणला येऊन तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली होती. सगुणाचा नवरा मारुती पटकीने जाऊन दीड वर्ष होत होतं. अशात कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन आळीत शिरला. मारुतीने सात वर्षांपूर्वी उधार नेलेल्या सागवानाचे व्याजासह नव्वद रुपये द्या, नाहीतर राहतं घर लिलावात काढू, असा शेटचा दावा होता.

"घेऊ नकोस ते कागद!" शेजारचा धोंडीबा भिंतीआडून कुजबुजला. "घेतलंच नाय तर दावा कसला?"

गेल्या साली हाच धोंडीबा समन्स चुकवायला खडवलीला बहिणीकडे जाऊन बसला होता. बेलीफाने कागद दाराला डकवला, कोर्टाने एकतर्फी निकाल दिला, आणि धोंडीबा परत आला तेव्हा त्याचं शेत दुसराच नांगरत होता. असला शहाणा तिला अक्कल शिकवतोय! सगुणाने त्याच्यादेखत हात पुढे करून समन्स घेतलं.

खरं तर ते देणं मारुतीने कधीच फेडलं होतं. वखारीची सगळी दारं-खिडक्या त्याने त्या बदल्यात करून दिली होती. पावती घेतली नाही. माणूस कामाला वाघ आणि व्यवहारात गाढव, हे सगुणा त्याच्या तोंडावर म्हणायची.

जबाब लिहून घ्यायला ती कोर्टाबाहेर बसणाऱ्या त्र्यंबकरावाकडे गेली. चार गावांचे दस्तऐवज तोच लिहायचा. त्याने पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "सगुणे, तीन वर्षं उलटली की जुनं देणं कोर्टात चालत नाही, खरं. पण मारुतीने दोन वर्षांमागं नवी कबुली दिलीय. मीच लिहिली. घर देऊन टाक नि मोकळी हो."

"शेटने किती दिले तुमाला?" तिने विचारलं. त्याने दौतीला झाकण घातलं. तिने दुसऱ्या लेखनिकाला आठ आणे देऊन 'देणं फिटलं, कबुली खोटी' एवढंच लिहवून घेतलं.

तारखेला शेट जरीची पगडी घालून आला होता. मुन्सफांनी कबुलीचा कागद तिच्यापुढे धरला. सगुणाला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिने खाली सहीच्या जागी काढलेली निशाणी पाहिली. पाहिली आणि फसकन हसली.

"रावसाहेब, ह्यो नांगर ना?"

"हो. नवऱ्याची निशाणी आहे."

"नांगर कुणब्याचा. माझा नवरा सुतार. नांगर करून द्यायचा तो, धरला नाय कधी! सुतार वाकस काढतो, लाकूड तासायचं हत्यार. शेटने जुनी वही आणलीय ना? तितं बघा, सागवान नेलं त्या दिवसाला."

मुन्सफांनी वही उलगडली. सात वर्षांपूर्वीच्या नोंदीखाली स्वच्छ वाकस होता. जन्मभर कुणब्यांचे नांगर काढून त्र्यंबकरावाचा हात तसाच वळला होता. सुताराचा कागद करतोय हे त्या मुर्दाडाच्या लक्षातही आलं नव्हतं. शेटने पगडी काढून घाम पुसला. त्याच्याकडे बघताना सगुणाला राग आला नाही, नुसती शिसारी आली. चोरी करायची तर निदान नीट तरी करावी!

दावा फेटाळला गेला. घर वाचलं.

आठ दिवसांनी ती निकालाची नक्कल न्यायला गेली. पोच म्हणून निशाणी हवी होती. कारकुनाने विचारलंही नाही. बाईमाणसाची निशाणी बांगडी, म्हणून सवयीने तीच काढायला लेखणी टेकवली.

"थांबा," सगुणा म्हणाली आणि उघडं मनगट त्याच्या नाकापुढे धरलं. "कुठं दिसली तुमाला बांगडी?"

कारकून ओशाळला. तिने त्याच्या हातातून लेखणी काढून घेतली आणि कागदावर वाकून, जीभ दातांत धरून, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वाकस काढला. दांडा वाकडा आला. मारुतीने बघितला असता तर हसला असता, आणि मग तिचा हात धरून सरळ करून दिला असता.