तिसऱ्या रविवारची हरकत

भूत, करणी, दृष्टांत... यातलं काही माझ्याकडे चालत नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय. तेव्हा खाली कमेंटमध्ये ‘ताई, बीपी तपासा’ असं लिहू नका. तपासलंय, नॉर्मल आहे.

आम्ही कर्वेनगरला राहतो, आमचं चर्च नदीपलीकडे पेठेत. नववर्षाच्या उपासनेनंतर आमच्यात प्रत्येक जण टोपलीतून बायबलच्या वचनाचं एक कार्ड उचलतो – तेच त्याचं वर्षभराचं वचन. लोकांना आशीर्वाद, भरभराट वगैरे निघते. मला काय निघालं? येशू पुन्हा यार्देन नदीपलीकडे निघून गेला आणि तिथेच राहिला. बास, एवढंच. पाळकबाई म्हणाल्या, असलं कार्ड आपण टोपलीत घातलंच नव्हतं. मी हसले आणि घरी येऊन फ्रिजवर लावून टाकलं.

त्याच महिन्यात चर्चमध्ये एका मुलाच्या लग्नाची सूचना वाचली गेली. माझ्या लेकीशी, शीतलशी ज्याचं लग्न ठरलं होतं, तोच हा. पत्रिका छापून झाल्यावर त्याने लग्न मोडलं, आणि स्वतःचं तोंड वाचवायला ‘मुलीला फिट्स येतात’ असं मंडळीभर पसरवलं. धडधडीत खोटं! शीतलने चर्चला येणं सोडलं. हा मात्र पहिल्या बाकावर, केस चापूनचोपून.

ही सूचना लागोपाठ तीन रविवार वाचतात आणि कोणाची हरकत आहे का, असं विचारतात. सहसा कोणी उठत नाही. मी उठणार होते. पहिल्या रविवारी नुसती सुन्न झाले, पण मग आठवडाभर वाक्यं पाठ केली. त्याच्या होणाऱ्या सासऱ्यासमोर त्याची सालटी काढायची होती मला.

दुसऱ्या रविवारी सकाळी अ‍ॅक्टिव्हा काढली. म्हात्रे पूल ओलांडला... आणि समोर डीपी रोडवरची लग्नाची लॉन्स. म्हणजे मी परत आमच्याच बाजूला! वळल्याचं आठवत नव्हतं. पुन्हा पुलावर गेले, पुन्हा तेच. तोवर उपासना संपली.

तिसऱ्या रविवारी रिक्षा केली. नदीकडे बघत टक्क जागी बसले होते. तरी रिक्षा थांबली ती आमच्याच सोसायटीच्या गेटवर. मी रिक्षावाल्यावर उखडले, तर तोच चक्रावला.

“ताई, पुलाच्या टोकाला तुम्हीच म्हणालात ना... परत पलीकडे घ्या, मला तिथेच राहायचंय.”

मी असं काहीही बोलले नव्हते.

लग्न झालं. पाळकबाईंना मी सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, देवाने तुमची अब्रू राखली. माझी नाही, त्याची राखली, असं मी तोंडावर सांगितलं. पुढच्या नववर्षाचं कार्डही येऊन गेलं, पण जुनं अजून फ्रिजवरच आहे. शीतल म्हणते, “मम्मी, काढ ना ते आता.” मी काढत नाही. त्या दोन रविवारी काय झालं, ते मला आजही कळलेलं नाही. आणि राग तसूभरही कमी झालेला नाही.

फक्त त्या वचनाच्या पुढचा अध्याय मी वाचलाय. येशू नदीपलीकडे कायमचा राहत नाही. बोलावणं आलं की ज्यांनी त्याला मारायला दगड उचलले होते, त्यांच्याच मुलखात परत जातो.

गेल्या आठवड्यात त्या मुलाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याचं आमंत्रण आलं. रिक्षा मी सांगून ठेवली आहे.