दिरांचा मंगळ आणि माझं फडताळ

१९५६चा जानेवारी, तिसरा आठवडा, सकाळचे नऊ. फडताळातले जुने कागद काढून नवे घालायचे होते, आणि कर्फ्यूमुळे दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं. यजमान वडाळ्याला बहिणीकडे अडकले होते. घरात मी आणि खिडकीशी उभे असलेले माझे धाकटे दीर. सगळ्या ठाकूरद्वारात पृथ्वीवर नाइलाजाने राहणारा हा एकच माणूस.

पोटापाण्यासाठी ते सरकारी कचेरीत कारकून होते, बाकी वेळ मंगळावर. फुटपाथवरून जुनी इंग्रजी मासिकं आणायची, ज्यांच्या कव्हरावर रॉकेटं आणि हिरव्या कातडीची माणसं, आणि ती जेवताना ताटाशेजारी उघडून ठेवायची. त्यांना सिनेमाला नेणं ही आम्हालाच शिक्षा. नायिका तीन रिळं रडली की शेजारच्या अनोळखी माणसाला सांगणार, "मंगळावर एवढं पाणी कोणी फुकट घालवू देणार नाही." संगीत नाटकात नारद आला की खुर्चीत चुळबुळ सुरू. "हा कशाने आला ते कोणी विचारत नाही. मी रॉकेट म्हटलं की चाळ हसते." चाळीबद्दलचं त्यांचं मत मात्र मला पटायचं. "वहिनी, अंतराळयान म्हणजे दुसरं काय? मोजकी हवा, मोजकं पाणी, कुटुंबाला एक खोली, आणि शेजारी कसाही निघाला तरी मध्येच उतरायची सोय नाही. आपली चाळ नुसती उडायची बाकी आहे." एकदा नळाला पाणी येईना, तर रांगेतल्या बायकांना ते यानातली पाणीवाटपाची पद्धत समजावू लागले. एकीने भरलेली कळशी त्यांच्या हातात दिली. "समजलं. आता ही तिसऱ्या मजल्यावर उडवा." त्यांनी मुकाट्याने नेली.

सहा वर्षं ते एक गोष्ट लिहीत होते. कचेरीतल्या बाद फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचं आणि सुईदोऱ्याने शिवून वही करायची. आम्ही कोणी ती वाचली नव्हती.

त्या सकाळी खाली बूट वाजले. पोलीस मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून चाललेल्या आंदोलनाची पत्रकं शोधत एकेक खोली तपासत वर येत होते. आमच्याकडे पत्रकं नव्हती, म्हणून मी निश्चिंत होते. तेवढ्यात भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे दिरांनी काढलेला गिरगावचा नकाशा होता. चौपाटीवर तांबडा गोल, ठाकूरद्वारच्या नाक्यावर चार बाण, वेळ पहाटे पाच, आणि वर ठळक अक्षरांत 'हल्ला'. त्यांच्या गोष्टीत मंगळवाल्यांना मुंबई हवी होती, बाकीचा महाराष्ट्र नको होता. तीन महिने आम्ही तो नकाशा रोज पाहत होतो आणि आम्हाला काहीच वाटलं नव्हतं.

"भावोजी, विचारलं तर काय सांगणार?"

"खरं ते. यानं उतरायच्या जागा."

"आणि आत टाकलं तर? नोकरी राहील?"

मी नकाशा उतरवून पेटत्या बंबात घातला. मग वही उचलली, तसा त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"वहिनी, सहा वर्षं आहेत त्यात."

बूट दुसऱ्या मजल्यावर आले होते. आम्ही तिसऱ्या. मी वहीचा दोरा तोडला, पानं सुटी केली आणि छापील बाजू वर करून फडताळाच्या फळ्यांवर अंथरली. वर डबे ठेवले. शेवटचा तेलाचा डबा ठेवला आणि हवालदार दारात उभा.

त्याने गादी उलटली, ट्रंक पाहिली, मग फडताळातला डाळीचा डबा उचलला.

"सरकारी कागद?"

"बाद झालेले. रद्दी."

डबा खाली गेला. मग त्याला मासिकं दिसली. "हे काय?"

"मंगळावरचं यान," दीर म्हणाले.

"उतरणार कुठे?"

त्याने सहज विचारलं, पण सहा वर्षांत हा प्रश्न दिरांना कोणीच विचारला नव्हता. त्यांचा चेहरा उजळला. "चौ..."

"भावोजी, दूध उतू जातंय," मी म्हटलं.

ते निमूट स्टोव्हपाशी जाऊन उभे राहिले. स्टोव्हवर काहीच नव्हतं. हवालदाराने स्टोव्हकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मासिक होतं तिथे ठेवलं.

"तिकडे पोलिसांना रजा मिळते का हो?"

"मंगळाचं वर्ष आपल्या जवळजवळ दोन वर्षांएवढं," दीर म्हणाले. "वर्षाची रजा तेवढीच धरली तर..."

"मग नको," हवालदार म्हणाला आणि शेजारच्या खोलीत गेला.

दीर दिवसभर मासिकांकडे फिरकले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "पानं फडताळातच राहू द्या. बाहेर गोळ्या चालल्यात आणि मी मंगळावर." मंगळाबद्दल इतक्या तुच्छतेने मीही कधी बोलले नव्हते. मला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झोपेत असताना मी डबे उतरवले. पानांवर आकडे नव्हते, त्यामुळे क्रम लावायचा तर वाचणं भाग होतं. यानाची कप्तान एक बाई होती. उल्का आदळून यानाला भोक पडलं, तेव्हा तिने आधी दूध झाकलं, मग भोक बुजवलं, आणि मग सगळ्यांना रागावली. तेलाच्या डब्याचा गोल डाग नेमका त्याच पानावर पडला होता. मी ते पान दोनदा वाचलं. मग वही पुन्हा शिवली, खिळ्यावरच्या जुन्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान काढून कोरी बाजू वर करून त्यांच्या उशाशी ठेवलं, आणि नकाशाच्या तांबड्या पेन्सिलीला विळीवर टोक काढलं.