कल्पनाच्या पुळ्या

गोडाऊनमधला माल रोज ट्रक भरून जातो, म्हणून जागा तरी होते. किस्से मात्र कुणी उचलून नेत नाही. ते आपले थप्पीवर थप्पी लागतच राहतात!

मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. आमच्या लाईनवरचे निम्मे किस्से एकट्या कल्पनाच्या तोंडावरचे. कल्पना दिघाशी गावची, दोन मुलींची आई. तिशी कधीच ओलांडली, तरी गाल आणि हनुवटी पुळ्यांनी भरलेली. शाळेच्या पुस्तकात त्यांना तारुण्यपीटिका म्हणायचे. कल्पना म्हणते, "तारुण्य कवाच गेलं बाय, पीटिका ऱ्हायल्या!"

* * *

आम्ही पॅक काय करतो? पिंपल जाणारी क्रीम! देशभर जाते. कल्पनाच्या हातून रोज खोकीच्या खोकी सुटतात आणि तिच्याच तोंडावर पुळ्या. म्हणजे मिठाईवाल्याच्या घरी उपास.

एकदा क्रीमच्या कंपनीतून मोठ्या मॅडम व्हिजिटला येणार होत्या. आमचे सुपरवायझर सकाळपासून घामाघूम. त्यांनी सगळ्या लाईनवरून नजर फिरवली आणि कल्पनापाशी येऊन थांबले.

"तू आज मागच्या लाईनला जा. कार्टनच्या पाठीमागं. आणि मास्क लाव."

कल्पना गेली. मॅडम आल्या, पुढची लाईन बघितली, हार घेतला, आणि नेमकं त्यांना मागची लाईन बघायची हुक्की आली! सुपरवायझर आडवे येईपर्यंत त्या कल्पनासमोर. गरमीनं तिनं मास्क खाली केलेला. मॅडम जरा दचकल्या, पण हसून म्हणाल्या, "आपलं प्रॉडक्ट वापरता की नाही?"

"वापरते की मॅडम," कल्पना म्हणाली, "म्हनून तर मागच्या लाईनला हाय!"

* * *

घरी सासूबाईंचं निदान वेगळंच. "हिच्या अंगात उष्णता हाय. उष्णता गेली का तोंड साफ व्हईल, नि पोरगा पन व्हईल." दोन मुलींवर मुलगा झाला नाही, त्याचा आळही त्या पुळ्यांवरच! मुलगा ज्याच्यामुळे व्हायचा राहिला त्या बाप्याचं तोंड मात्र गुळगुळीत आहे, त्याची तपासणी कुणी केली नाही.

तर ही उष्णता घालवायला सासूबाई सुनेला कुठे घेऊन गेल्या? वज्रेश्वरीला, गरम पाण्याच्या कुंडावर! तिथे तिचं तोंड चांगलं शेकून काढलं. देवीला नवस एकच बोलल्या, पण त्यात मागणी दोन: सुनेचं तोंड साफ होऊ दे आणि घरात नातू येऊ दे.

दुसऱ्या दिवशी कल्पना ड्युटीवर आली ती लालबुंद. गेटवर तोंड दाखवून हजेरी लावायचं मशीन आहे, ते तिला ओळखेचना. ती पुन्हा पुन्हा समोर उभी राहतेय, मशीन पुन्हा पुन्हा नाही म्हणतंय. शेवटी वॉचमन चाचा पुढे आले. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे.

"बेटी, मशीन का कसूर नहीं है," ते म्हणाले, "मैंने भी टिफिन से पहचाना!"

* * *

मग एका मेडिकलवाल्यानं तिला ट्यूब दिली. लावली आणि चमत्कार! आठवड्यात गाल असे चकचकीत की आख्खी लाईन त्या ट्यूबच्या मागे. पण आमच्या गोडाऊनमध्ये ट्यूब आत नेता येत नाही. बाहेर पडताना झडती होते आणि पर्समध्ये क्रीम सापडली की आपलीच असली तरी चोरीचा संशय. म्हणून सगळ्या बायकांनी ट्यूबा पिळून कुंकवाच्या डब्यांत भरल्या आणि रिकाम्या ट्यूबा फेकून दिल्या. झडतीत काय निघालं? कुंकवाची डबी. सौभाग्याला कोण अडवणार!

महिना गेला आणि कल्पनाचे गाल पहिल्यापेक्षा दुप्पट पेटले. तेव्हा मी तिला स्कूटीवर घालून भिवंडीत स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"आत्तापर्यंत काय लावलं?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

कल्पनानं टेबलावर कुंकवाची डबी ठेवली. मॅडमनी ती उघडली, हुंगली आणि कपाळाला हात लावला.

"ट्यूबचं नाव काय?"

"नाव न्हाय मॅडम. आमच्याकडं समद्या ह्येच लावतात."

"समद्या म्हणजे किती जणी?"

"आख्खी लाईन."

मॅडम म्हणाल्या, "यात बहुतेक स्टेरॉइड आहे. चार दिवस उजळतं, मग चेहऱ्याची वाट लावतं. तुम्हाला औषध देते, पण आधी तुमच्या लाईनलाच ॲडमिट करायला पाहिजे!"

* * *

मॅडमनी साधी औषधं देऊन पाहिली. पुरेसा गुण येईना. मग म्हणाल्या, एक जोरदार गोळी आहे. पण रक्त तपासावं लागेल, ओठ फुटतील, बाकीही नियम आहेत. घरी बोला आणि या.

घरी बोलायच्या आधी लाईनवर बोलणं झालं. जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठा अंथरून बसल्या बसल्या आमची परिषदच भरली. सगळ्यात जोरात रंजनाताई. त्या लाईनवर सगळ्यात जुन्या, तंबाखूची मिश्री लावल्याशिवाय त्यांची शिफ्ट सुरू होत नाही.

"असल्या स्ट्राँग गोळ्या खाऊ नको गं," त्या कळवळून म्हणाल्या, "शरीराची माती होते. आपन काय पोटात घालतो, त्याचा इचार कराया नको?" एवढं बोलून त्यांनी डबी उघडली आणि मिश्रीचं बोट दातांवर फिरवलं.

तोंड कल्पनाचं, पोट कल्पनाचं, आणि मतं आख्ख्या लाईनची! मला चीड आली खरी, पण मीही माझं मत दिलंच. कल्पना भाकरी मोडत बसली.

* * *

पुढच्या खेपेला सासूबाई स्वतः आल्या. नवऱ्याची कापडाच्या लूमवर शिफ्ट होती. दवाखान्यात जायचं म्हटलं की त्याची शिफ्ट असतेच. केबिनमध्ये आम्ही तिघी.

मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "या गोळ्या चालू असताना दिवस राहता कामा नयेत. बाळाला व्यंग येऊ शकतं. आधी टेस्ट करू. मग कोर्स संपेपर्यंत पूर्ण काळजी घ्यायची आणि संपल्यावरही महिनाभर थांबायचं. मूल हवं असेल तर ही गोळी आत्ता नको. तुम्हाला चालेल असं मलम देते, गुण सावकाश येईल."

सासूबाई ताठ बसल्या. "मलमच द्या. पुळ्यांचं काय, आज हायेत, उद्या जातील. आमाला नातू पायजे."

"आजी, मी यांना विचारतेय."

"तिला काय इचारायचं? ती माझ्या शब्दाभायेर न्हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि कल्पनाकडे बघत राहिल्या. मीही बघत होते. लाईनवर एका वाक्यात सगळ्यांना गप्प करणारी ही बाई खाली मान घालून बसलेली. मला वाटलं, झालं, मलम घेऊन परत जायचं.

"मॅडम," कल्पनानं विचारलं, "ह्या गोळ्या किती दिवस खायच्या?"

"सहा-आठ महिने धरा."

कल्पनानं सासूकडे पाहिलं. मग मॅडमकडे.

"याच्यापेक्षा मोठा कोर्स न्हाय का?"