आवडाबाई आणि घरातलं वायफाय

माझ्या सासूबाई, आवडाबाई (मी त्यांना आत्या म्हणते), वापरून झालं की बंद करणाऱ्या. गॅसचा रेग्युलेटर, नळ, पंखा, काहीही उघडं दिसलं की दिवसभर पुटपुटणार. माहेर देवगाव रंगारीचं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. कन्नड गावाला जाणारी बस पाटीवरच्या अक्षरांच्या आकारावरून ओळखतात. आणि मी, त्यांची सून मेघा, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. या बाईंना मशीनमधलं ओ की ठो कळत नाही, अशी माझी खात्री होती.

आमच्या गारखेड्यातल्या घरी हॉलमध्ये जुना डेस्कटॉप आहे. त्यावर मीच हट्टानं लिनक्स टाकलं होतं. दिवाळीनंतर त्याचं वायफाय रोज संध्याकाळी बंद सापडायला लागलं. मी सुरू करावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. फोनवर मात्र ठणठणीत. वायफायचा ड्रायव्हर प्रोग्रॅम बदलला, पैठण गेटच्या बाजारातून नवा अडॅप्टर आणला. फरक शून्य. "नाचता येईना अंगण वाकडं," माझा नवरा गोकुळ हसायचा. माझं डोकं फिरायचं.

शेवटी मशीन स्वतः ठेवतं ती नोंद उघडली आणि चाटच पडले. रोज दुपारी सव्वा वाजता कुणीतरी मशीन सुरू करत होतं आणि पावणेदोनला एअरप्लेन मोड लावत होतं. तो लावला की वायफाय बंद. सासरे काकासाहेब त्या वेळी फुलंब्रीच्या शेतावर असतात, घरात एकट्या आत्या. म्हणजे शेजारपाजारचं कुणीतरी येऊन बसत असणार! आत्यांना विचारावं असं मनातही आलं नाही. त्यांना काय कळणार? मी गुपचूप मशीनला पासवर्ड टाकला.

दोन दिवस वायफाय सुरळीत. मी गोकुळकडून पेढे वसूल केले.

तिसऱ्या दिवशी कॉलेज लवकर सुटलं. दीडला दार उघडलं तर मशीनसमोर आत्या! हात माऊसवर, डोळ्यांना धार लागलेली.

"हे काय आडवं आलं गं, मेघा? पहिलं नव्हतं इथं."

"आत्या, तुम्ही चालवता हे?"

मग सगळं बाहेर आलं. माझी नणंद सुलेखा हिनं सात वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न केलं. तेव्हापासून घरात तिचं नाव काढायचं नाही, हा काकासाहेबांचा हुकूम. आत्यांच्या साध्या फोनवरचा एकेक नंबर ते तपासतात. म्हणून शेजारच्या आमरीननं आत्यांना शिकवलं होतं: विमानाचं चित्र लागलेलं दिसलं तर दाबून काढायचं, मग निळं चित्र दाबायचं, की पडद्यावर लेक येते. बोलून झालं की विमान परत लावायचं, हे मात्र आत्यांचं स्वतःचं. लाइन उघडी कशाला ठेवायची?

"परवा तिला दवाखान्यात नेणार व्हते," आत्या म्हणाल्या. "दिवस भरले व्हते. आमरीन गेली माहेरी. कुणाला पुसू? लेक जित्ती हाय का नाय, मला ठाव नाय."

"ते मीच आडवं घातलं, आत्या," म्हणत मी की-बोर्ड ओढला. स्वतःचाच पासवर्ड दोनदा चुकला. कॉल लागला, वाजत राहिला, आणि पडद्यावर दवाखान्याची खाट दिसली. सुलेखा. कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

"आई, तीन दिवस वाट बघितली गं. मला वाटलं, बाबांनी तुलाही तोडायला लावलं."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता माझं नाव निघणार आणि ते निघायलाच हवं, असं मला वाटलं.

"नाय गं बाई. मशीन बिघडलं व्हतं. मेघानं आज लवकर येऊन नीट केलं. लई हुशार हाय ती."

मग त्यांनी मला हात धरून पडद्यासमोर ओढलं. सात वर्षांत कधी न पाहिलेली माझी नणंद माझ्याकडे बघून हसली, बाळाचं तोंड पुढं केलं आणि म्हणाली, "वहिनी, तुमचे उपकार झाले." मला तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.