साक्षीदाराची सही

रियाधमध्ये ऋतू बदलल्याची पहिली वार्ता कानांना कळते. एप्रिलपासून अहोरात्र घरघरणारी वातानुकूलन यंत्रे ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी प्रथमच बंद करता येतात, आणि अकस्मात उघड्या पडलेल्या त्या शांततेत घरातले एरवी बुडून गेलेले सारे आवाज आपापली जागा मागू लागतात. खालच्या बकाल्यासमोर, म्हणजे आमच्या इमारतीखालच्या किराणा दुकानासमोर, पाण्याच्या बाटल्या उतरवणाऱ्या टेम्पोचा खडखडाट. शेजारच्या घरातून कहव्यासाठी वेलची कुटल्याचे मंद ठोके आणि मागोमाग भिंत ओलांडून येणारा तिचा गंध. गॅलरीच्या काचेवर रात्रभर साचलेली धूळ उजळवीत आत उतरणारा, नुकता मवाळ होऊ लागलेला प्रकाश. सुटीच्या त्या शुक्रवारी या सगळ्यांच्या आधी मला ऐकू आला तो मात्र एका गव्हर्नरचा आवाज. माझी मुलगी सई पोह्यांची बशी मांडीवर घेऊन फोनवर त्यांचे भाषण ऐकत होती.

हे गव्हर्नर अमेरिकेतल्या एका राज्याचे. राज्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही; सरोवरांचे, मक्याच्या शेतांचे आणि दीर्घ हिवाळ्यांचे राज्य एवढे सांगितले तरी पुरे. आपल्याकडचा राज्यपाल नेमला जातो, तिथला गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो आणि त्याचे काम आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारे असते, हा भेद मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी फळ्यावर दोन रकाने आखून समजावून देते. मी इथल्या एका भारतीय शाळेत समाजशास्त्र शिकवते. माझे पती शिक्षणासाठी आणि पुढे नोकरीसाठी त्या राज्यात होते तेव्हा सईचा जन्म झाला. ती सहा वर्षांची असताना आम्ही ते गाव सोडले आणि रियाधला आलो. तिच्याकडे मात्र तिथले नागरिकत्व राहिले, आणि त्या नागरिकत्वाबरोबर आमच्या जुन्या गल्लीच्या पत्त्यावरचे एक मतही. आता ती बावीस वर्षांची आहे, इथल्या ओलाया भागातल्या एका सल्लागार कंपनीत काम करते, आणि गव्हर्नर दुसऱ्यांदा निवडणुकीला उभे होते.

त्यांच्या प्रचाराचे सार एका हाकेत होते: परत या. त्या राज्यातली लहान गावे तरुणांवाचून ओस पडू लागली होती. जे तिथे जन्मले आणि दूर गेले त्यांना घर मिळवून देऊ, काम मिळवून देऊ, असे त्यांचे आश्वासन होते. त्यांच्या प्रतिस्पर्धी बाईंचे म्हणणे असे की आधी राहिलेल्यांचे पाहा, गेलेल्यांचे नंतर. तटस्थपणे पाहिले तर दोन्ही बाजूंना काही तथ्य होते. पण मी तटस्थ नव्हते. आठवड्यातून तीनदा सईच्या फोनवर पत्र येई, ‘प्रिय सई’ अशी सुरुवात करून, जणू हा गृहस्थ तिच्या बारशाला हजर होता; आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तीच दोन शब्दांची हाक. माझ्या एकुलत्या मुलीला माझ्या देखत कुणी परका बोलावतो आहे आणि ती मान खाली घालून ऐकते आहे, असे मला वाटू लागले.

संशयाला एक शिस्त असते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या हाताला ती सहज साधते. मी त्या गव्हर्नरांचे सारे बोलणे ऐकून वहीत टिपणे काढू लागले. रुग्णालयांविषयी विचारले की ते रस्त्यांविषयी बोलतात. शाळांविषयी विचारले की आपल्या आजीची आठवण सांगतात. त्यांच्या तीन जाहिरातींत, तीन निरनिराळ्या गावांत परतलेली म्हणून दाखवलेली तीन सुखी कुटुंबे वस्तुतः एकच होती. स्वेटर तेवढे बदलले होते. हा शोध मी मोठ्या गांभीर्याने सईपुढे मांडला.

“आई, ते ॲक्टर्स आहेत. एव्हरीबडी नोज.”

“मग तरी तू ऐकतेस?”

“तू पण ऐकतेसच की. माझ्यापेक्षा जास्त. तूच दे ना मत त्याला.”

ती हसून आत गेली. दूर दक्षिणेतल्या जिझानच्या प्रकल्पावर असलेल्या आणि पंधरवड्यातून एकदा घरी येणाऱ्या माझ्या पतींना मी फोनवर ही हकिकत सांगितली, तर ते म्हणाले, “अगं, बावीस वर्षांची आहे ती. त्या गव्हर्नरला तुझं नाव तरी माहितीय का?” नव्हते, हे खरे, पण तिचे होते, हीच तर माझी तक्रार होती. तिला मत देणारी व्यक्ती म्हणून कुणी ओळखत होते. मी स्वतः कित्येक वर्षांत मत दिलेले नाही. आम्हा परदेशस्थांना मायदेशी जाऊनच मतदान करावे लागते आणि निवडणुकांचे दिवस शाळेच्या सुट्ट्यांशी कधी जुळत नाहीत. मतदान शिकवणारी मी, आणि मत असलेली ती. या विषमतेत थोडा मत्सरही असावा. पण मुख्य होती ती भीती. सईने गव्हर्नरांना मत दिले तर तिला परत जायचे आहे, नाही दिले तर नाही, असे सरळ समीकरण मी मनाशी मांडून ठेवले होते. ते तपासून पाहायचे मात्र राहून गेले.

आमच्या जुन्या गावच्या नगर कार्यालयाने ई-मेलने पाठवलेली मतपत्रिका सईने आपल्या ऑफिसात छापून आणली. त्या राज्याच्या नियमाप्रमाणे परदेशातून मत पाठवणाऱ्याला एक साक्षीदार लागतो. मतदाराने माझ्यासमोर मतपत्रिका भरली आणि त्याने कोणती निवड केली ते मला दिसले नाही, एवढे साक्षीदाराने पाकिटावर सही करून सांगायचे. सईने मला विचारले आणि मी मोठ्या आनंदाने होकार दिला. जेवणाच्या मेजाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये फळांची टोपली आडोसा म्हणून. पर्यवेक्षिकेच्या जुन्या सवयीने मी खिडकीबाहेर पाहत राहिले आणि केवळ पेनाचा आवाज ऐकत राहिले: तो कुठे थांबतो, कुठे फिरून तेच वर्तुळ भरतो. तिने घडी घातली, पाकीट चिकटवले, मी सही केली. वळणदार, स्वच्छ, निकालपत्रावर करते तशी.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली आणि शाळेतून लवकर परतलेल्या माझ्या ताब्यात ते पाकीट राहिले. दुपारी हमीदभाई ते कुरियरच्या कचेरीत पोचवणार होते. हमीदभाई दापोलीकडचे, आमच्या इमारतीतल्या शिक्षिकांना आपल्या गाडीतून शाळेत नेणारे. आम्हा सगळ्यांच्या नडीअडचणीला उभे राहणारे गृहस्थ. त्यांची वाट पाहताना माझ्या लक्षात आले की पाकिटाची एक कड उचकटली आहे. इथल्या कोरड्या हवेत बकाल्यातल्या स्वस्त पाकिटांचा डिंक धरत नाही. मी डिंकाची बाटली आणली. प्रथम कड नीट बसावी म्हणून ती किंचित वर केली. मग आत घडी सरळ आहे ना ते पाहावे असे वाटले. मग वर्तुळे पूर्ण भरली आहेत ना, अर्धवट भरलेले वर्तुळ यंत्र बाद करते, तिला हे ठाऊक असेल का? आपल्या मुलीचा पेपर देण्यापूर्वी एकदा तपासून देणाऱ्या आईची ही सगळी पायरीपायरीने चढत गेलेली कारणे. तिच्या पहिलीपासून बारावीपर्यंत मी तिचा असा एकही अर्ज, एकही गृहपाठ न तपासता घराबाहेर जाऊ दिलेला नव्हता. पण खरे सांगायचे तर घडी उलगडताना माझी नजर वर्तुळांच्या पूर्णतेवर नव्हती. ती थेट गव्हर्नरपदाच्या ओळीवर गेली.

तिथे मी काय पाहिले ते मी लिहिणार नाही. पाहून मला सुटल्यासारखे वाटले की काळजात चर्र झाले, तेही नाही. कारण ते सांगणे म्हणजे मत सांगणेच होईल.

एवढे सांगता येईल की क्षणभराने माझी दृष्टी पाकिटावर गेली आणि तिथे माझी सही होती. दरवर्षी वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात चिठ्ठ्या टाकून घेण्यापूर्वी, मी मुलांना सांगते की गुप्त मतदान म्हणजे घरी गेल्यावर आईलाही न सांगणे. मुले हसतात. त्या हसण्याचा अर्थ मला इतक्या वर्षांत लागला नव्हता.

दाराची घंटा वाजली. हमीदभाई.

“बाई, द्या बघू पाकीट. यल्ला, चला लवकर, दुपारच्या अस्रची अजान झाली की त्यांचं शटर खाली.”

मी पाकीट हातात घेऊन उभी. डिंकाने कड पुन्हा बसवली तर कुणालाही कळणार नव्हते. मत मोजले गेले असते, सई निर्धास्त राहिली असती, आणि एका दूरच्या राज्याच्या दफ्तरात माझे खोटे विधान माझ्या सुबक सहीनिशी पडून राहिले असते.

“आज नको, हमीदभाई.”

“का? काय चुकलं काय मुलीचं?”

“तिचं नाही.”

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मेजावरच्या डिंकाच्या बाटलीकडे पाहिले, आणि ते जिना उतरले.

सई संध्याकाळी आली. तिने चपला काढायच्या आत मी सांगून टाकले, क्रमवार, काहीही न वगळता, कारण वगळले तर तेही एक असत्य झाले असते. तिने चपला काढून जागेवर ठेवल्या. नंतर हसली, पण ते हसणे मला आवडले नाही.

“वॉव, आई. स्वतःच्याच परीक्षेत कॉपी केलीस.”

“मला फक्त पाहायचं होतं—”

“विचारायचं होतंस.”

“तू सांगितलं असतंस?”

“कुणाला मत दिलं ते? नाही.” तिने पाकीट उचलले, आतली पत्रिका काढून शांतपणे चार तुकडे केले. “पण तुला ते कुठे हवं होतं? मी जाणार का, हे हवं होतं तुला. ते विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले. आपटले नाही, आपटले असते तर मला बरे वाटले असते.

तिने त्या गावच्या नगर कार्यालयाला पत्र लिहून दुसरी मतपत्रिका मागितली. माझी खात्री होती की तिथून चौकशा होतील, कारणे विचारली जातील. आम्ही इथे इकाम्यावर, म्हणजे निवास परवान्यावर, राहणारी माणसे, प्रत्येक खिडकीसमोर तीन प्रतींत खुलासा देण्याची आम्हाला सवय. त्या कचेरीतल्या बाईंचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले, एका ओळीचे: पहिली नष्ट करा, नवी सोबत पाठवली आहे, शुभेच्छा. त्या ओळीतही मी काही क्षण खोच शोधत राहिले. सापडली नाही.

या खेपेला साक्षीदार होते हमीदभाई. ते इकामा खिशात घालून, केस विंचरून आले आणि सईने दाखवलेल्या खुर्चीवर मेजाकडे पाठ करून, फ्रिजकडे तोंड करून बसले.

“मी नक्की बघायचं काय आणि नाय बघायचं काय, ते सांग गो आधी.”

“मला बघायचं, काका. पेपर नाही बघायचा.”

“मंग बरं. चष्मा घरीच राह्यलाय.” आणि माझ्याकडे वळून, “बाई, तुम्ही भायेर. तुमचा काय भरवसा नाय.”

सई त्यावर मनापासून हसली, बऱ्याच दिवसांनी. मी गॅलरीत गेले आणि काचेचे दार ओढून घेतले.

बाहेर सूर्य मनोऱ्यांच्या मागे उतरला होता आणि हवेतल्या बारीक धुळीने त्याचा प्रकाश चाळून सगळ्या गच्च्यांवर समान वाटला होता, टाक्यांवर, टीव्हीच्या तबकड्यांवर, वाळत घातलेल्या पांढऱ्या पायघोळ थोबांवर. या आठवड्यांत मी किती गोष्टी तपासल्या होत्या: एका अनोळखी माणसाचे हसू, भाड्याच्या कुटुंबाचे स्वेटर, पेनाचे थांबणे, कागदाची घडी. जे तपासता येते ते सगळे तपासून झाले होते, आणि जे केवळ विचारता येते ते तसेच राहिले होते. पुढे यथावकाश निकाल लागला आणि गव्हर्नर थोडक्यात पुन्हा निवडून आले. सईचे दुसरे मत पहिल्यासारखेच होते की त्या चार तुकड्यांबरोबर तेही बदलले, हे मला ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी थोड्या वेळाने काचेचे दार सरकले. हमीदभाई “निघतो, बाई, शटर खाली यायच्या आत” असे म्हणून पाकीट घेऊन गेले होते. सई येऊन कठड्याशी उभी राहिली, माझ्यापासून हातभर अंतरावर.

“तुला जायचंय का तिकडे?” मी विचारले.

तिने लगेच उत्तर दिले नाही. खाली कुणी गाडी मागे घेत होते. शेजारच्या मशिदीचा ध्वनिक्षेपक बोलण्यापूर्वी खरखरला आणि थांबला. उत्तराला वेळ लावणाऱ्या मुलाकडे मी वर्गात आजवर नेहमी संशयाने पाहत आले आहे: याने अभ्यास केला नसावा, किंवा हा शेजाऱ्याच्या वहीवर नजर टाकत असावा. सई समोरच्या फिकट होत जाणाऱ्या आकाशाकडे पाहत होती, तिच्या कपाळावर लहानपणीची ती एक आडवी आठी उमटली होती, आणि मला प्रथमच असे वाटले की वेळ घेणाऱ्यांतली कित्येक मुले त्या वेळी खरे उत्तर शोधत असावीत. मी तिच्या चेहऱ्यावरून नजर काढून घेतली, आणि थांबले.