‘या’ म्हणाले, म्हणून ओबरगान्सबाखला गेलो

कोणी घरी बोलावलं आणि मी गेलो नाही, असं आजवर झालेलं नाही. मुंज असो, बारसं असो, नुसतं ताक प्यायला बोलावलं तरी मी पगडी चढवून तयार असतो. त्यामुळे ओटोसाहेब मला ‘या, या!’ म्हणाला तेव्हा त्याचं गाव जर्मनीत आहे, ही माझ्या दृष्टीने फक्त वाटेतली अडचण होती.

ओटो आमचा ठाण्यातला शेजारी. एका कारखान्यात वाफेची यंत्रं बसवायला आला होता. काम संपलं, तेव्हा मायदेशी निघण्याआधी आम्ही त्याला पुरणपोळीचं जेवण घातलं. जेवण उरकत आलं असताना बायको दाराआडून काहीतरी विचारत होती आणि ओटो माझा हात गदागदा हलवत, डोळ्यांत पाणी आणून म्हणत होता, “या! या!” अगदी स्वच्छ मराठीत. आमच्याशी तो एरवी मोडक्या इंग्रजीत बोलायचा. मराठीतला एवढा एकच शब्द शिकला आणि तोही आमच्यासाठी, म्हणून मला भरून आलं.

माझा मेव्हणा विनू कल्याणला असतो आणि माझ्या प्रत्येक बेतात पाणी ओतायला आगगाडीने येतो. तो म्हणाला, “भाऊजी, साहेब लोक असं तोंडदेखलं म्हणतात. तुम्हाला खरंच बोलावलंय का कोणी?”

“दोनदा म्हणाला. तोंडदेखलं माणूस एकदाच म्हणतो.”

“आणि तिथे जाऊन त्याने ओळखच दिली नाही तर?”

तर काय, या विचाराने मला झोप लागेना. पण तोवर मी कोर्टात, देवळात आणि न्हाव्याकडे सगळीकडे सांगून बसलो होतो. आता न जाणं म्हणजे नाक कापून घेणं. बाळकुमचा म्हादू आमच्याकडे मीठ घालायला येतो. त्याने तेवढा एकच कामाचा प्रश्न विचारला. “वकीलसायेब, तिकरं मासली गावतं का?” मला मासळी चालत नाही, हे त्याच्या लक्षात आल्यावर त्याला माझी फार दया आली.

तुमच्यापैकी कोणाला जायचं असेल तर वाट अशी. मुंबईहून आगबोटीने सुवेझच्या कालव्यातून ट्रिएस्ट बंदर, तिथून आगगाड्या बदलत बदलत उत्तरेकडे आणि शेवटी बैलगाडी. भाड्याचा आकडा इथे लिहीत नाही, कारण बायको वाचणार आहे. बोटीवर पहिले काही दिवस खायला घेऊ नका, ते तसंही समुद्रालाच जातं. तांदळाचं पीठ आणि मेतकूट भरपूर न्या. हिंग मात्र डबीत, डबी फडक्यात आणि फडकं दुसऱ्याच्या पेटीत ठेवा. मी माझ्याच पेटीत ठेवला होता. सरहद्दीवर जकातवाल्याने झाकण उघडलं, मागे सरकला आणि ओरडला, “वास?”

“हो,” मी म्हणालो, “हिंगाचा.”

“वास?” तो पुन्हा म्हणाला.

आता एकाच गोष्टीची किती वेळा माफी मागायची! पुढे कळलं की ‘वास’ म्हणजे त्यांच्या भाषेत ‘काय’. त्याने निमूट झाकण लावून मला सोडलं, एवढं खरं.

ओबरगान्सबाख हे नाव एका दमात म्हणता येत नाही. आमच्या घरी त्याला शेवटपर्यंत ओबडगावच म्हणत. गाव आपल्या डोंबिवलीएवढं, म्हणजे चार घरं आणि बाकी शेतं. घरांना आडव्यातिडव्या तुळयांच्या चौकटी, मधे मातीच्या भिंती. मध्यावर मोठं झाड, त्याखाली आपल्या पारासारखी दगडी बैठक, तिथे गावचा पाटील बसतो. एक देऊळ, एक ओढा आणि ओढ्यात बदकांचे थोरले भाऊ, ते अंगावर धावून येतात. गावच्या शिक्क्यावरही तोच पक्षी आहे. गावाला किती सोसावं लागलं असेल ते यावरून समजा.

ओटोने दार उघडलं, मला पाहिलं आणि चौकट घट्ट धरली. आनंदाने, असं मी समजलो.

त्याची आई मात्र लगेच पुढे आली. गोल, लालबुंद, डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी. तिने मला आत ओढलं आणि पुढ्यात डुकराचं काहीतरी ठेवलं. मी हात जोडले. तिने दुसरं काहीतरी ठेवलं, तेही त्याच प्राण्याचं निघालं. शेवटी उकडलेल्या बटाट्यांवर तह झाला. पुढे सकाळ-संध्याकाळ तेच बटाटे.

त्या गावात पाहण्यासारखी खरी चीज म्हणजे सामाईक भट्टी. घरोघरी चूल असली तरी पाव मात्र सगळं गाव तिथेच पाळीने भाजतं. तिचा इतिहास ओटोने सांगितला. पूर्वी हे गाव दोन राजांमध्ये वाटलेलं होतं आणि हद्द गेली नेमकी भट्टीतून. कणीक मळायचा ओटा एका राजाकडे, विस्तव दुसऱ्याकडे. कणीक आत सरकवली की जकात, पाव बाहेर काढला की पुन्हा जकात! बायका वैतागल्या. एके दिवशी त्यांनी दोन्ही राजांच्या शिपायांना भट्टीच्या खोलीत कोंडलं आणि जकात उठेपर्यंत बाहेर येऊ दिलं नाही. आता राजे गेले, एकच बादशाही झाली, पण भट्टीचा कारभार बायकांकडेच राहिला. परक्याला तिथे काही भाजायचं तर घरटी एका बाईचं मत घ्यावं लागतं.

बटाट्यांना मी इतका कंटाळलो होतो की भाकरीसाठी अर्ज केला. आणि खरं सांगू? माझा डोळा नुसता भाकरीवर नव्हता. ओटो मला पाहून अजूनही बावचळत होता. गावाला मी हवा आहे की नाही, हे मला एकदाचं कळायला हवं होतं.

रविवारी झाडाखाली बायका जमल्या. पाटलाने काळ्या फळ्यावर ठळक अक्षरांत दोन शब्द लिहिले आणि बायका येऊन खाली रेघा ओढू लागल्या. मी लांबून वाचलं. इंग्रजी अक्षरं मला येतात. पहिला शब्द जे आणि ए. जा!

त्याखाली रेघांवर रेघा पडत होत्या. जा, जा, जा. अख्खं गाव सांगत होतं. दुसऱ्या शब्दाचीही मी अक्षरं जुळवली, तर ‘नेइन’. त्याखाली एकच रेघ. म्हणजे एवढ्या गावात मला घरी नेईन म्हणणारं एकच माणूस!

विनूचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी तडक ओटोच्या घरी गेलो, पेटी बांधली, पगडी घातली आणि रस्त्याला लागलो. रडू आवरत नव्हतं. त्यात ते ओढ्यातले पक्षीही मागे लागले.

इतक्यात पाठीमागून आरोळी आली. “या! या!” ओटो धावत येत होता, मागे बायका आणि सगळ्या ओरडत होत्या, “या! या!”

“लिहायचं जा आणि बोलायचं या? ही काय चेष्टा आहे?” मी इंग्रजीत कडाडलो.

ओटो धापा टाकत म्हणाला, “लिहायचं आणि बोलायचं एकच आहे, आम्ही ‘जे’ हे अक्षर ‘य’सारखं वाचतो. त्याचा अर्थ ‘हो’. भट्टी तुमची!”

मी पेटी खाली ठेवली. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. “म्हणजे ठाण्यात तुम्ही मला...”

ओटो कानापर्यंत लाल झाला. “तुमच्या पत्नी पोळीकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होत्या. आवडली का, असं असावं. मी हो म्हणालो.”

सात समुद्र ओलांडून मी एका पुरणपोळीच्या कौतुकाला आलो होतो.

“मग मला बोलावलं नव्हतंच?”

“नाही,” तो म्हणाला. भला माणूस, खोटं बोलवेना त्याला. “पण आज सगळ्या गावाने बोलावलंय.”

“आणि ती नकाराची एक रेघ कोणाची?”

“आईची. ती म्हणते, पाहुण्याने भट्टीपुढे कशाला उभं राहायचं? मी त्याला घरी नेईन आणि करून घालेन.”

त्या दिवशी भट्टीत तांदळाची भाकरी झाली. मी थापली, म्हातारीने भाजली. ती फुगली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. घर सोडल्यापासून मी इतकं पोटभर जेवलो नव्हतो.

निघताना ओटो पेटी गाडीवर चढवत होता. म्हातारीने माझे दोन्ही हात धरले आणि जर्मनमध्ये लांबलचक काहीतरी विचारलं. मला अक्षर कळलं नाही. पण आता मी काही नवखा नव्हतो. मान हलवत म्हणालो, “या! या!”

घरी येऊन समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त घेतलं. पंचगव्य बटाट्यांपेक्षा बरं लागलं. आता त्या गावातलं काय उरलंय म्हणाल, तर पोळ्यांच्या वासाने ती भट्टी आठवते. विनूला मात्र मी एवढंच सांगितलं की सगळं गाव मला थांबवायला धावलं. ते खोटं नव्हतं.

होळीच्या दिवशी दारात टांगा थांबला. आतून ओटो उतरला. त्याच्यामागून रुमाल, मग म्हातारी आणि मग पिसांची एक जाडजूड रजई, ठाण्याच्या उन्हात.

ओटो ओशाळून म्हणाला, “आईने तुम्हाला विचारलं होतं, ती गोड पोळी शिकायला तुमच्या घरी येऊ का? तुम्ही हो म्हणालात.”

विनू नेमका ओसरीवर होता. त्याने कपाळाला हात लावला. “भाऊजी, आता यांना कोणी बोलावलं?”

“मी,” मी म्हणालो.

बायको पुरणाचे हात घेऊनच बाहेर आली. तिने म्हातारीकडे पाहिलं, रजईकडे पाहिलं आणि दारातून बाजूला झाली.

“या,” ती म्हणाली.