तीन हंगामांचे डोळे

आमच्या कारखान्यातल्या गणपतींचे डोळे माझ्या हातचे, असं पेणपासून मुंबईपर्यंतचे व्यापारी धरून चालायचे. पुष्कळ वर्षं ते खरंही होतं. त्यानंतरचे तीन हंगाम मात्र ते डोळे माझ्या नातीने काढले. मी ते लपवलं, आणि त्यात तिचं हाताशी आलेलं काम गेलं. वय झालं आहे, म्हणून आता लिहून ठेवतो.

हमरापुरात आमचं घर मूर्तीकामातच आहे. साचा, घासकाम, रंग, आणि सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे काढणं. आखणी होईपर्यंत मूर्ती कोणीही सरकवतो, तिच्या पाटावर चहाचा ग्लास ठेवतो. डोळे झाले की त्या रांगेतून आमच्याकडे चपला घालून कोणी जात नाही. हे कोणी कोणाला शिकवत नाही, पाय आपोआप थांबतात.

नात ही माझ्या मुलीची मुलगी, रोह्याची. जावई डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर. पोरीने डिप्लोमा करून कंपनीत कायम लागावं एवढंच त्याचं म्हणणं. तिने दुसऱ्या वर्षीच कॉलेज सोडलं. जावयाने तिला आणून माझ्यापुढे उभी केली.

"मामा, तुमचं ऐकेल ही. समजवा जरा."

मी समजावलं नाही, टोमणे मारले. ती आमच्याकडेच राहिली, दुपारभर कॉम्प्युटरपुढे बसायची.

"खेळून कोणाचं पोट भरलंय गो?"

"खेळत नाय, आजोबा. बांधते."

"काय बांधतेस, बंगला?"

"कारखाना. तुमचाच."

तिने दाखवलं. ऑनलाइन खेळातलं एक जग होतं ते. तिथे लोक आपापल्या जागा उभारतात आणि दुसरे लोक बाहुल्यांच्या रूपात फिरायला येतात. तिने आमचीच शेड उभी केली होती, गंजलेल्या पत्र्यासकट. आलेल्याने रंगात ब्रश बुडवायचा आणि समोरच्या मूर्तीचे डोळे काढायचे. पण चपला काढल्याशिवाय दार उघडत नसे.

"लोक कंटाळून जातील," मी म्हटलं.

"जात नाय. आधी वैतागतात, मग कळतं, मग दुसऱ्याला घेऊन येतात."

मी कॉम्प्युटरवर फार वेळ बघितलं नाही. नीट बघायला हवं होतं.

त्याच सुमारास माझा उजवा हात थरथरू लागला. एका दुपारी एकाच मूर्तीची भुवई मी तीनदा पुसली. नात शेजारी येऊन बसली, हातातला ब्रश काढून घेतला आणि एका दमात दोन्ही डोळे पुरे केले. मी मूर्ती उजेडात नेली. माझा हात ऐन भरात असतानाचे ते डोळे होते. दुसऱ्या दिवशी मी शेडच्या मागच्या भागाला पडदा लावला. तिने त्यामागे बसून आखणी करायची, मी पुढे बाकावर ब्रश घेऊन बसायचं. "व्यापाऱ्यांना सांगू नको, माल परत करतील," एवढंच तिला म्हटलं. ती बरं म्हणाली. असे तीन हंगाम गेले. मुलाला आणि सुनेला माहीत होतं. घरात त्यावर कोणी बोलत नसे.

तिसऱ्या हंगामात एका रंगांच्या कंपनीचं जाहिरातीचं काम बघणारी बाई मुंबईहून आली. तिने नातीचं ते जग पाहिलं होतं.

"आम्हाला तिथे पाटी नाही लावायची," ती म्हणाली. "पाटी कोणी बघत नाही. लोक ज्या डब्यात ब्रश बुडवतात, तो डबा आमचा असावा."

मग नातीकडे वळली. "अशी जगं बांधायला आम्हाला माणूस हवंय. शिक्षण विचारणार नाही, पण हात स्वतःचा पाहिजे. हे डोळे कोणाचे?"

नातीने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात टेम्पो भरायला आलेला दादरचा व्यापारी हसला. "मॅडम, हे विचारायचं असतं होय? काकांचे."

खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "माझेच. ती बघून बघून उतरवते."

"छान कॉपी करतेस," बाई नातीला म्हणाली. डबे त्या जगात गेले, डब्यांवर माझा फोटो गेला. नोकरीचा विषय परत निघाला नाही.

त्या संध्याकाळी नात ब्रश धूत होती. मान वर न करता म्हणाली, "आजोबा, पुढच्या वर्षी डोळे कोण काढणार?"

"बघू," मी म्हटलं.

गणपती झाल्यावर ती रोह्याला गेली आणि पुन्हा कॉलेजात बसली. जावयाने फोन करून माझे आभार मानले. पोरीला मी ताळ्यावर आणलं म्हणून. ते आभारही मी ऐकून घेतले.

पुढच्या हंगामात आखणीला मीच बसलो, डाव्या हाताने उजवं मनगट धरून. दादरचा व्यापारी आला, रांगेपुढे वाकला.

"काका, यंदा बाप्पा बघतोय कुठं? वडखळच्या नाक्याकडं?"

कामाला असलेल्या बाया हसल्या. मुलाने मान खाली घातली.

"माझा हात हाय ना, म्हणून," मी म्हटलं. "मागचे तीन हंगाम नातीचा होता."

हसणं थांबलं. व्यापारी सरळ उभा राहिला. "मग तिला बोलवा की," म्हणाला. माल परत करायचं त्याने नावही काढलं नाही.

मी मुलाला त्या बाईला फोन लावायला सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "त्या जागेवर माणूस घेतला आम्ही. डब्यांवरचा तुमचा फोटो काढून टाकते." मग म्हणाली, "पण काका, नातीने खेळात बांधलेल्या शेडमध्ये मागे पडद्याआड एक म्हातारा आहे. त्याचा हात थरथरतो आणि एक मुलगी त्याच्या हातातून ब्रश घेते. जाहिरातीत बरं दिसत नाही, थरथर काढून टाक, असं मी तिला म्हटलं होतं. तिने नाही काढली. मला वाटलं, हट्टी आहे."

सुनेच्या फोनवर मी पहिल्यांदा नातीच्या त्या जगात गेलो. चपला काढल्या, दार उघडलं. पडद्याआड मी बसलो होतो. आम्ही कोणी तिथवर गेलो असतो तर खरं काय ते दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी एसटीने रोह्याला गेलो.

"चुकलो गो."

"त्या मॅडमना माझं सांगितलंत?"

"सांगितलं. व्यापाऱ्यालाही."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. टेम्पोवालापण होता."

तिने चहा ठेवला. "हंगामाला येईन," म्हणाली. "पण पडद्यामागे नाय बसणार. आणि कॉलेज करायचं की ते काम शोधायचं, ते माझं मी ठरवीन. बाबांना तुम्ही काय बी सांगू नका."

"एक सांगावंच लागेल," मी म्हटलं. "त्याचे आभार परत द्यायचेत."

आता पुढच्या बाकावर ती बसते. शेजारी कॉम्प्युटर उघडा असतो, मध्येच कोणाला तरी काहीतरी बांधून दाखवते. हाताशी आलेलं ते काम काही परत आलं नाही. पडदा मी काढला आणि फाडून त्याची फडकी केली. त्यांनी तिचे ब्रश पुसतो.